दोन खुर्च्यांचं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टरची शेपटी डावीकडे सरकू लागली तसं गौरवनं पायाखालचं पेडल दाबलं, आणि नको तेवढं दाबलं. यंत्र गर्रकन उलट्या बाजूला वळलं. ते सावरायला त्यानं मुठीतली दांडी मागे ओढली, मग घाबरून पुढे लोटली, आणि जमिनीपासून माणूसभर उंचीवर तरंगणारं ते हलकं यंत्र झोपाळ्यासारखं हेलकावे खाऊ लागलं. खालच्या शेतातली धूळ उठून काचेवर आदळत होती. मैदानाच्या कडेला रोवलेले लाल झेंडे कधी डोक्यावर दिसत होते, कधी पायाखाली.

"माझ्याकडे," शेजारच्या खुर्चीतून कॅप्टन महाजन म्हणाले.

गौरवनं दोन्ही हात उचलून मांड्यांवर ठेवले. "तुमच्याकडे, सर."

कॅप्टननी काही विशेष केल्याचं दिसलं नाही. त्यांच्या पुढ्यातल्या दांडीवर त्यांची जेमतेम तीन बोटं होती. पण हेलकावे लहान होत गेले, थांबले, आणि यंत्र गाईनं बसावं तसं शांतपणे खाली बसलं. पंख्याचा आवाज उतरला.

"काय झालं, सांग."

"वारा आला, सर."

"वारा मघापासून होताच. डोंगराकडून येऊन राहिला, हे झेंडे ओरडून सांगत होते तुला. तू झेंड्यांकडे पाहिलंच नाहीस. तू कॅमेऱ्याकडे पाहत होतास."

ते खरं होतं.

भुसावळच्या गौरव चौधरीचे मागचे दोन सिनेमे पडले होते. हा तिसरा मारधाडीचा होता आणि त्याची सगळी जाहिरात एका गोष्टीवर उभी होती: हेलिकॉप्टरचे प्रसंग नायक स्वतः उडवून करणार, बदली माणूस नाही. मोठमोठे नट आता असं करू लागले होते आणि प्रेक्षकांना ते आवडत होतं. म्हणून कंपनीनं त्याला उड्डाण शिकवणाऱ्या एका संस्थेत घातलं, शिकाऊ परवाना काढून दिला. तिथेच त्याला कॅप्टन निरंजन महाजन भेटले. फौजेतून निवृत्त झालेले, बोलण्यावर हिंदीची छाया, मूळचे बुऱ्हाणपूरचे. जंगल, डोंगर आणि मोकळी जमीन एकाच ठिकाणी हवी असं दिग्दर्शक म्हणाला, तेव्हा बुऱ्हाणपूरजवळच्या डोईफोडिया गावाचं नाव त्यांनीच सुचवलं. "माझं घर बुऱ्हाणपुरातच, लालबागला आहे. रोज जाईन-येईन, आणि तुला घरचा डबा खाऊ घालीन," असं ते गौरवला म्हणाले होते.

आणि खरोखरच डबा रोज दोघांचा यायचा. उषाकाकूंना गौरवनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या हातची शेवभाजी आणि कळण्याची भाकरी त्याला ओळखीची झाली होती.

शिकणं मात्र रखडलं होतं. उंच, मोकळ्या आभाळात तो सरळ चालवू शकत होता. जमिनीजवळ, वाऱ्यात, यंत्र एका जागी थोपवून धरणं आणि नीट उतरवणं त्याला जमत नव्हतं. त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी कॅप्टन काळा शर्ट घालून डावीकडच्या खुर्चीत बसत, गौरवच्या खांद्याआड आपलं डोकं येईल इतके वाकून. कॅमेरा कायम उजवीकडे. बाहेरून पाहणाऱ्याला हेलिकॉप्टरमध्ये एकटा गौरव दिसे, आणि कॅप्टन नुसते नियमापुरते बसतात असं बाकीच्या मंडळींना वाटे.

"फौजेनं जन्मभर ताठ बसवलं," ते हसत म्हणत, "आणि आता तुझ्यापायी कुबड काढून बसतो."

ज्या दिवशी धडा नीट होई, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते शहरातून मावा जलेबी आणत. असे दिवस फार नव्हते.

झेंड्यांवरून बोलणी खाल्ली त्याच दुपारी, जेवणं झाल्यावर, धर्मेंद्र आला. चित्रीकरणाची सगळी व्यवस्था तो पाहायचा, आणि पैसे लावणाऱ्यांना रोज फोनवर उत्तरं द्यायचाही तोच. त्याच्याबरोबर मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढणारी मुलगी होती. पडद्यामागचं काहीबाही रोज इंटरनेटवर टाकायचं असे. आज कॅप्टनसाहेबांनी आपल्या शिष्याबद्दल दोन वाक्यं बोलावीत, अशी त्याची इच्छा होती.

गौरवनं कॅप्टनना निंबाच्या सावलीत बाजूला नेलं.

"सर, जरा चांगलं बोला ना."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं नाही. थोडं वाढवून." त्यानं मागे वळून धर्मेंद्र ऐकत नाही ना ते पाहिलं. "हाही सिनेमा पडला तर मला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, सर."

कॅप्टननी काळ्या शर्टाची कॉलर नीट केली, मोबाइलपुढे जाऊन उभे राहिले आणि गौरवच्या खांद्यावर हात टाकला.

"पुष्कळ पोरं शिकवली मी," ते म्हणाले. "त्यातला हा पहिला नंबर. वारा असो, काही असो, हा एकटा नेतो आणि एकटा परत आणतो. आता याला माझी गरज नाही."

मुलीनं टाळ्या वाजवल्या. गौरव वाकून त्यांच्या पाया पडला. तेही मोबाइलमध्ये आलं. त्याला उठवताना कॅप्टननी त्याचा कान धरला आणि हळूच म्हणाले, "सकाळी लवकर ये. झेंडे वाचायला शिकवतो."

व्हिडिओ भलताच गाजला. पुढचे काही दिवस गौरव लवकर येत राहिला. झेंडा ताणून उभा असेल तर वारा एकसारखा आहे. तो पडून पुन्हा दुसऱ्याच बाजूला उठत असेल तर डोंगराच्या पोटातून भोवरे येत आहेत, आणि अशा वेळी जमिनीवरच बसून राहायचं. एवढं तो शिकला. हात मात्र अजून तसेच होते.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी असाच वारा सुटला आणि दिग्दर्शकानं काम थांबवलं. पळसाची वाळलेली पानं मैदानभर घरंगळत होती. लोक तंबूत चहा पीत होते. कॅप्टन हेलिकॉप्टरचे पंखे दोरानं बांधून ठेवायला एकटेच गेले. गौरव तंबूच्या तोंडाशी उभा होता. त्यानं त्यांना चाकोरीच्या कडेला खाली बसताना पाहिलं. काही पडलं असेल, ते शोधत असतील, असं त्याला वाटलं. मग ते आडवे झाले.

तो धावला. कॅप्टनचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. उजव्या हातानं त्यांनी डावा दंड घट्ट धरला होता, जणू तो कोणी ओढून नेत होतं. ओठांचा रंग गेला होता.

मग सगळं एकदम झालं. कोणी पाणी आणलं, कोणी नको म्हणालं. चित्रीकरणाची रुग्णवाहिका सकाळीच शिडीवरून पडलेल्या एका कामगाराला घेऊन बुऱ्हाणपूरला गेली होती, ती परतली नव्हती. सरकारी रुग्णवाहिकेला फोन लागला. ती दूरच्या पाड्यावर बाळंतिणीला आणायला गेली होती. माणसं गोळा झाली, गावातली आणि सिनेमातली. आणि हळूहळू, कोणी न सांगता, त्या सगळ्यांच्या नजरा मैदानात उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरकडे वळल्या, आणि तिथून गौरवकडे.

"काढ ना," धर्मेंद्र म्हणाला. "गाडीनं तासाच्या वर जाईल. रस्ता खोदून ठेवलाय सगळा. हवेतून दहा मिनिटं. उतरायच्या परवानगीसाठी कलेक्टर ऑफिसला मी फोन करतो, तू काढ."

ज्याच्या शेतात हे सगळं चाललं होतं तो म्हातारा सुकलाल पुढे आला. कॅप्टन रोज सकाळी त्याच्याशी त्याच्या बोलीत गप्पा मारत.

"हाई जहाज उभं शे ना साहेब?" तो म्हणाला. "मंग लई जा ना यासले!"

गौरवनं झेंड्यांकडे पाहिलं. कापड ताणून उभं राहिलं, एकदम पडलं, आणि उलट्या बाजूला फडफडलं. पलीकडे तंबू, जनरेटर, विजेच्या तारा, आणि ही सगळी माणसं. तो गुडघ्यांवर बसला. कॅप्टननी त्याच्या शर्टाची पुढची बाजू मुठीत धरून त्याला खाली ओढलं. त्यांचे ओठ त्याच्या कानाशी आले.

"तू नाही," ते म्हणाले. "गाडी आण."

"सर, मी प्रयत्न करतो. तुम्ही शेजारी बसा, सांगत राहा—"

"मी कुठे आता सांगतो." त्यांना श्वास पुरत नव्हता. "दोघं मरू. खाली माणसं आहेत. दांडीला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

त्या क्षणी गौरवला जे वाटलं ते पुढे कितीतरी दिवस तो स्वतःपासून लपवत राहिला. त्याला हलकं वाटलं. छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा, इतकं स्पष्ट हलकं वाटलं.

तो उठला. "गाडी काढा."

"अरे, पण ते काय म्हणाले?" धर्मेंद्रनं विचारलं.

सात-आठ मोबाइल त्याच्याकडे वळलेले होते. सांगायला तोंड उघडलं तेव्हा गौरवला निंबाची सावली आठवली. याला माझी गरज नाही, असं छातीठोक सांगणारा माणूस आता याला येत नाही म्हणतो, हे गौरवच्याच तोंडून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जाणार होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "गाडी काढा. लवकर."

सुकलालनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मागच्या सीटवर त्यानं कॅप्टनचं डोकं मांडीवर घेतलं. रस्त्याचं काम चाललेलं होतं. गाडी एकदा डांबरावर चढे, एकदा मुरमात उतरे. प्रत्येक धक्क्याला कॅप्टनचे डोळे मिटत. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, कडेला घड भरायला लावलेले ट्रक. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. एका ठिकाणी कापसाच्या पळाट्यांची बैलगाडी आडवी होती, ती हलेपर्यंत थांबावं लागलं.

"पंखे बांधले का?" कॅप्टननी विचारलं.

"बांधले, सर."

बांधले नव्हते. कॅप्टननी मान हलवली, बरं म्हटल्यासारखी. मग थोड्या वेळानं ते म्हणाले, "काच खाली कर." गौरवनं काच खाली केली. गरम वारा आत आला. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. जैनाबाद गावाच्या अलीकडे त्यांचं डोकं त्याच्या मांडीवर जड झालं. त्याला ते कळलं, पण तो ड्रायव्हरला काही म्हणाला नाही. तापीचा पूल ओलांडून गाडी तशीच, तितक्याच वेगानं शहरात शिरली.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी हातमोजे काढत म्हटलं, "थोडं आधी आणता आलं असतं तर." त्यांना काही सुचवायचं नव्हतं. असं ते सगळ्यांनाच म्हणत असावेत. पण ते वाक्य दारात उभ्या असलेल्या लोकांनी ऐकलं.

दोन दिवसांत कोणीतरी दोन व्हिडिओ जोडले. पहिल्यात कॅप्टन गौरवच्या खांद्यावर हात टाकून बोलत होते. दुसऱ्यात ते जमिनीवर पडलेले होते, मागे हेलिकॉप्टर उभं होतं, आणि गौरव म्हणत होता, "काही नाही. गाडी काढा." मध्ये फक्त एक काळी पट्टी. त्याच्या घरी, भुसावळला, कोणीतरी दारावर बांगड्यांचा हार अडकवून गेलं. आईनं फोनवर ते सांगितलं नाही, बहिणीनं सांगितलं.

अंत्यविधीला तापीच्या राजघाटावर तो गेला होता. लांब, पायऱ्यांच्या टोकाला उभा राहिला. कॅप्टनचा एक पुतण्या त्याच्यापाशी आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "तुम्ही इथे उभे नका राहू." तो निघून आला.

चित्रीकरण बंद पडलं. धर्मेंद्र त्याच्या हॉटेलच्या खोलीत येऊन बसला.

"एक निवेदन काढू," तो म्हणाला. "वारा जोराचा होता. उडवणं धोक्याचं होतं."

"वारा असो, काही असो, असं कॅप्टन बोलून बसलेत."

"मग सरळ खरं सांग. तुला येत नव्हतं. शिकत होतास."

"म्हणजे ते खोटं बोलले."

धर्मेंद्रनं खांदे उडवले. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तुला पडतो. तुझं अख्खं आयुष्य पडलंय पुढे." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तो जरा नरमला. "हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगतो. आज गप्प बसलास तर जन्मभर भित्रा म्हणून राहशील."

गौरवनं खिडकीचा पडदा सारखा केला. त्यानं निवेदन काढलं नाही.

तेरावं होऊन गेल्यावर तो लालबागला गेला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं. रिक्षात मनाशी म्हणूनही पाहिलं होतं. कॅप्टनच्या घराचं दार त्यांच्या मुलीनं उघडलं. पल्लवी इंदूरला नोकरीला होती, हे कॅप्टननी त्याला पुष्कळदा सांगितलं होतं. तिचं नाक आणि कपाळ सरळ त्यांच्यावरून उचललेलं होतं. ती दारातच उभी राहिली. आत येऊ दे म्हणून मागून आवाज आला, तेव्हा बाजूला झाली.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर गव्हाचा ढीग होता. उषाकाकू त्याच्यापाशी बसून वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळत होत्या. हात कोपरांपर्यंत तेलकट झाले होते. भिंतीशी पत्र्याची कोठी होती, तिचं झाकण उघडं.

"बस," त्या म्हणाल्या. "हात असे आहेत, नाहीतर पाणी दिलं असतं. गहू त्यांनीच सांगून ठेवले होते, परवा पोती येऊन पडली. आता काय करणार."

गौरव सतरंजीच्या कडेला, जमिनीवर बसला.

"मम्मी, यांना आत कशाला घेतलं?" पल्लवी म्हणाली. "मैंने बोला था ना, कोणी आलं तरी—"

"डबा खाल्लाय त्यानं माझ्या हातचा."

पल्लवीनं ओठ आवळले. मग ती गौरवपुढे येऊन उभी राहिली.

"मला एकच विचारायचंय. पप्पा म्हणाले की तुम्ही एकटे नेऊ शकता. वारा असला तरी. पप्पा झूठ नहीं बोलते थे. कधीच नाही, गमतीतसुद्धा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग का नाही नेलं?"

ठरवलेली सगळी वाक्यं गौरवच्या तोंडाशी आली. ते नको म्हणाले. त्यांनी शपथ घातली. मला येत नव्हतं, ते माझ्यासाठी खोटं बोलले. त्यानं तिच्या कपाळाकडे पाहिलं.

"घाबरलो," तो म्हणाला.

तो शब्द बाहेर पडला तेव्हा त्याला तो खोटा वाटला नाही.

"बस? इतकंच?"

"हो."

"तुम्ही घाबरलात." ती हसल्यासारखा श्वास सोडून थांबली. "निदान काही कारण तरी सांगायचं होतं. मी ऐकलं असतं." तिचा आवाज शेवटी फुटला. ती आत निघून गेली. आतल्या खोलीची कडी लागली, आणि थोड्या वेळानं दाराआडून कॅप्टनचा आवाज आला, मोबाइलमधला, बारीक. पुष्कळ पोरं शिकवली मी. त्यातला हा पहिला नंबर.

उषाकाकूंनी गव्हाची ओंजळ भरून तळव्यांत चोळली. आतला आवाज बंद झाला.

"ज्या दिवशी हे बोलले ना," त्या हळू म्हणाल्या, "त्या संध्याकाळी जेवताना मला म्हणाले, उषा, आज मी एक खोटं बोलून आलो."

गौरवनं वर पाहिलं.

"म्हणाले, पोराला अजून वारा कळत नाही. पण शिकेल. तोवर मी आहे ना शेजारी." त्यांनी गव्हातला एक खडा काढून बाजूला टाकला. "मी रागावले होते त्यांच्यावर. म्हटलं, असं बोलू नये, अंगाशी येतं. तर म्हणाले, सिनेमाच्या धंद्यात त्याचं कुठे कोण आहे."

"काकू, ते मला नको म्हणाले होते." गौरव पुढे सरकला. "शपथ घातली. कानात म्हणाले, कोणाला ऐकू गेलं नाही. मी—"

"तेच म्हणाले असणार. इतकी वर्षं काढली मी त्यांच्याबरोबर. दुसरं काही म्हणाले नसते."

एका तरी माणसाला ठाऊक होतं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला.

"पल्लवीला सांगू नकोस," उषाकाकू म्हणाल्या.

गौरवनं आतल्या बंद दाराकडे पाहिलं.

"तिच्याकडे बापाचा एवढाच आवाज आहे. रात्रंदिवस ऐकते. त्यातलं एक अक्षर खोटं आहे, असं तिला कळलं तर तेही जाईल." त्यांनी नजर गव्हावरून काढली नाही. "लोक तुला काय काय बोलतात ते मी वाचते. वाईट वाटतं. पण तू ते सहन कर, असंच मी तुला सांगणार. माझी पोरगी आहे ती."

"नाही सांगणार."

"आत्ता सांगितलं नाहीस, तेव्हाच मला कळलं."

ढीग बराच कमी झाला होता. त्या तेल लावलेले गहू सुपानं कोठीत टाकू लागल्या. पत्र्यावर दाणे पडल्याचा मोठा आवाज झाला, मग दाण्यांवर दाणे पडू लागले तसा तो मंद झाला. बोलणं संपलं असं वाटून गौरव उठला.

"आणखी एक सांगू?" त्या म्हणाल्या. सूप त्यांनी कोठीच्या काठावर टेकवलं. "मला सगळं समजतं. वारा होता. तुला येत नव्हतं. खाली माणसं होती. तू केलंस तेच बरोबर होतं, आणि कोणी विचारलं तर मी हेच सांगेन." त्या जरा थांबल्या. "पण सकाळी जाग आली की रोज पहिलं मनात येतं, की तू उडवायला पाहिजे होतं. पडले असतात तर पडले असतात दोघंही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. सांधे दुखतात म्हणून सांगावं, तितक्या साधेपणानं त्या बोलल्या होत्या.

"हो, काकू," गौरव म्हणाला.

बाहेर रेल्वे स्टेशनकडून गाडीची घोषणा अस्पष्ट ऐकू येत होती. उषाकाकूंनी उरलेले गहू ओंजळीनं आत टाकले, कोठीचं झाकण लावलं, आणि तेलकट हात अंगापासून दूर धरून त्या उभ्या राहिल्या.

"जाता जाता एवढी कोठी कोपऱ्यात सरकवून दे," त्या म्हणाल्या. "आम्हा दोघींच्यानं हलत नाही."

गौरवनं दाराशी जाऊन पायांत सरकवलेल्या चपला पुन्हा काढून ठेवल्या. वाकून, दोन्ही हात पत्र्याला लावून त्यानं जोर केला. कोठी खरखरत पुढे गेली.

"अजून," मागून त्या म्हणाल्या. "भिंतीला टेकू दे."

त्यानं खांदा लावला.